नाव सांगणारी

बाई, तुमच्या फाईलमधला एक कागद समोर घेऊन बसले आहे. मधोमध चिकटवलेला तळहाताएवढा वाळका पुंजका, त्यावर मोहरीएवढी फुलं. ती जांभळी होती. आता चहाच्या डागासारखी दिसतात. खाली तीन ओळी. जागा: शाळेमागचा कातळ. लोकांतलं नाव: बेडकीचं हातरून. या दोन माझ्या अक्षरात. तिसरी तुमच्या. नाव सांगणारी: आणि पुढे माझं नाव. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. कागदाला अजून कसर लागलेली नाही.

पंच्याहत्तर सालचा श्रावण. आम्ही नववीत होतो. तुम्ही वर्ग घेऊन मागच्या कातळावर गेलात. भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालू होते, त्यामुळे तुम्हाला ओरडून बोलावं लागत होतं. पायाशी हिरवं, ओलं, शेवाळासारखं काहीतरी पसरलं होतं आणि त्याला फुलं आली होती. ‘हे काय आहे?’ असा तुमचा प्रश्न. मी पुढे होऊन म्हणाले, ‘शेवाळ नाही बाई. शेवाळाला फूल येत नाही.’ पुस्तकातलं होतं, बरोबर होतं. तुम्ही मान हलवलीत आणि विचारलंत, ‘मग काय?’ मला पुढचं ठाऊक नव्हतं. मागून आमच्या वर्गातली, दिघाशी गावची ती मुलगी म्हणाली, ‘बेडकीचं हातरून हाय ते. आमच्या बांदावर लय असतं.’ मुली हसल्या. कुणीतरी म्हणालं, ‘मग उशी कुठंय गं?’ ती म्हणाली, ‘उशी बेडूक घेऊन गेला.’ तुम्ही हसलात, बाई. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चष्मा काढून पदराने पुसलात. चार वर्षं पहिला नंबर आणून मी तुम्हाला एकदाही तसं हसवलं नव्हतं.

तुमचा नियम होता: शास्त्रातलं नाव पुस्तकात मिळेल, लोकांतलं नाव माणसाकडून घ्यायचं आणि त्या माणसाचं नाव खाली लिहायचं. ती ओळ रिकामी ठेवायची नाही. माझं अक्षर चांगलं म्हणून कागद मी लिहायचे. खळही मीच आणायचे. वडील सायझिंगमध्ये होते, ताण्याच्या सुताला खळ लावायच्या कामावर. डबा भरून देताना ते आठवण करून द्यायचे, ‘मोरचूद टाक चिमूटभर, नाहीतर कसर कागद खाईल.’ शेजारी काम करणारा भैया म्हणायचा, ‘बेटी, नीला थोथा है, हाथ धो लेना.’ त्या दिवशी मी तिचा कागद लिहिला. नाव सांगणारी, पुढे तिचं पूर्ण नाव, माझ्या सुंदर अक्षरात. मग खळ दोन वाट्यांत काढली. एकीत मोरचूद घातलं आणि त्या खळीने बाकीचे कागद चिकटवले. दुसरीत घातलं नाही.

मी हे रागाच्या भरात केलं असं लिहिता आलं असतं. राग नव्हता. मी दोन्ही वाट्या नीट ढवळल्या.

जूनमध्ये कपाट उघडलं तेव्हा त्या एका कागदाची चाळण झाली होती. पुंजक्याचा भुगा, तिच्या नावाची दोन अक्षरं शिल्लक. तुम्ही भुगा फुंकून म्हणालात, ‘मोरचूद कमी पडलं वाटतं. मीच लक्ष द्यायला हवं होतं. तुझ्या हातून तर काही विसरत नाही.’ मी मान खाली घातली. तुम्हाला तो विनय वाटला असेल.

तोवर ती शाळेतून गेली होती. टेमघरला आत्याकडे राहून ती शाळेत यायची. दिवाळीनंतर आत्याने तिला घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवलं. श्रावणात कातळावर ते पुन्हा उगवलं, तुम्ही नवा कागद घेतलात आणि मला म्हणालात, ‘तिला जाऊन भेट. बाईंनी बोलावलंय म्हणावं. आपल्या हाताने नाव लिहू दे तिला. आत्याशी मी बोलते.’

मी गेले. ती दारातच बसली होती, एका हाताने चाक फिरवत, दुसऱ्याने सूत धरून. मला बघून चाक थांबवलं. ‘तू? इकडं कशी?’ मग, मी काही बोलायच्या आत, ‘बाई माझी आठवन काढतात का गं?’ आतून आत्या ओरडली, ‘चाक का थांबलं गो?’ ती हसली, चाक फिरवू लागली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, ‘मी इथून चालले होते सहज.’ ती म्हणाली, ‘बस ना. च्या घे.’ मी बसले नाही.

तुम्हाला येऊन सांगितलं, ‘ती म्हणाली, माझं नाव नको लिहू. शाळेचं आता काही नको.’ तुम्ही नवा कागद पुढ्यात ओढलात. मग पेन घेतलंत. ‘ओळ रिकामी ठेवायची नाही. तू एवढी जाऊन आलीस. तुझंच लिहिते.’ या कागदाच्या खळीत मी चमचाभर मोरचूद घातलं. कडांना अजून निळी झाक आहे.

पुढे मी त्याच शाळेत तुमच्या हाताखाली शिकवू लागले, आणि निवृत्त होताना ही फाईल तुम्ही मला दिलीत. मला हवं होतं ते सगळं मिळालं, बाई. तरी दर श्रावणात तुम्ही नव्या मुलींना ते नाव सांगायचात तेव्हा ‘हातरून’ म्हणायचात, तिच्यासारखं, आणि सांगून झाल्यावर दाराकडे बघायचात. माझ्याकडे नाही. आज मी तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्यापेक्षा मोठी आहे वयाने, आणि ते बघणं अजून मला सहन होत नाही.

तिचं नाव लिहावं म्हणून सकाळी पेन उघडलं होतं. ते सोडून हे लिहीत बसले. तिचं आडनाव आता आठवत नाही, असं लिहून संपवणार होते. आठवतं मला.