मिनूचा दमा

३ नोव्हेंबर, सोम.
पेपरात मिनूचं नाव. खेळाच्या पानावर, खाली कोपऱ्यात, पण फोटोसकट. डोंबिवलीची सायकलपटू उत्तेजकांच्या संशयात. गेल्या महिन्यात घाटातली शर्यत जिंकली तेव्हा ती स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होती, अशी दुसऱ्या टीमची तक्रार. हिच्या टीमचं उत्तर: गोळ्यांना रीतसर वैद्यकीय सूट आहे, तिला दमा आहे.
सुनंदाने दोनदा वाचून दाखवलं. "दमा? आपल्या मिनूला?"
या घरात दमा मला आहे. लहानपणापासून. मिनू चोवीस वर्षांची झाली, कधी धड खोकलली नाही.
संध्याकाळी ती कॅम्पवरून घरी आली. सायकल बाल्कनीत लावली, जेवली, झोपली. कोणी विषय काढला नाही.

५ नोव्हें.
विचारलं.
"टीमच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाबा. गोळीने थकवा लवकर जातो. सूट असली की नियमात बसतं."
"पण तुला दमा नाही."
"टेस्टला नीट फुंकलं नाही की असतो."
  टीव्ही चालू होता.

८ नोव्हें.
मिनू टीमच्या वकिलांशी फोनवर बोलत होती. दार अर्धवट उघडं. "आधी हनुवटीखाली खाज येते. मग छातीभोवती ओला टॉवेल आवळत नेल्यासारखं. श्वास आत जातो, बाहेर येत नाही."
माझी वाक्यं. जशीच्या तशी. मे महिन्यात एकदा शेजारी येऊन बसली होती, बाबा, अटॅक येतो तेव्हा नेमकं काय होतं रे? किती बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत सुनंदानेही कधी विचारलं नाही. चहा गार होईपर्यंत सांगत बसलो होतो.

१६ नोव्हें., रवि.
दुपारी आडवा झालो होतो. शीळ ऐकू आली, छातीतली. थंडी पडली की येतेच. दम्याच्या पंपासाठी हात लांबवला आणि लक्षात आलं, मला दम लागलेला नाही. श्वास रोखून पाहिला. शीळ चालूच.
मिनूच्या खोलीत गेलो. पलंगावर ताठ बसलेली, डोळे मिटून. तक्रारीची चौकशी करणाऱ्या समितीने नवी तपासणी लावली आहे, पुढच्या महिन्यात, त्यांच्या डॉक्टरांसमोर. त्याची तयारी.
डोळे न उघडता म्हणाली, "बरोबर येतंय का?"
म्हणालो, आत घेताना नाही, बाहेर सोडताना वाजते.
का म्हणालो? चूक दिसली, सांगून गेलो. तिने लगेच बदललं. अगदी माझ्यासारखं. 

२४ नोव्हें.
ठाकुर्लीचा पूल न थांबता चढलो. सकाळपासून एमआयडीसीचा वास, लोक नाकाला रुमाल लावून, मला काही नाही. पंपाला या महिन्यात हात लावलेला नाही. सुनंदा खूश. "यंदा हवा मानवली तुम्हाला."
मीही खूश असायला हवं.

३० नोव्हें.
जेवताना मिनू एकदम म्हणाली, "मी आता करत नाहीये, बाबा."
"काय?"
"आवाज. परवापासून केलेला नाही मी."
सुनंदाला वाटलं सर्दी. काढा उकळायला उठली. मिनू माझ्याकडे बघत होती, घास हातात तसाच. आवाज येत होता.

७ डिसें., रवि.
मिनू सकाळी बारवी धरणाच्या रस्त्याला गेलेली, बदलापूरच्या पुढे, तिचा नेहमीचा चढ. कोच सावंत तिला गाडीत घालून घेऊन आले. ओठ निळे. "काका, चढावर एकदम खाली उतरली. मला वाटलं, चेन पडली."
माझाच पंप तिच्या तोंडाला लावला. पुन्हा लावला. हळूहळू मोकळी झाली.
माझा शर्ट मुठीत धरून तिने विचारलं, "हे बंद कसं करायचं, बाबा?"

८ डिसें.
आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. तिला फुंकायला लावलं, पाठीला स्टेथो लावून ऐकलं. "दमाच आहे. चांगलाच आहे. वडिलांकडून आलाय, दुसरं काय." मग सहज माझी छाती ऐकली. बराच वेळ ऐकत राहिले.
"तुमची मात्र स्वच्छ आहे हो. तरुण माणसासारखी."
रिक्षात सुनंदा म्हणाली, "चला, आता तिला खोटारडी म्हणायची कोणाची हिंमत नाही." आणि रडायला लागली.

१९ डिसें.
समितीची तपासणी झाली. दमा निघाला. खराखुरा, मुद्दाम कमी फुंकून आणलेला नव्हे. वकील फोनवर हसत होते. आता एकच पाहिजे म्हणे: दमा आधीपासून होता, शर्यतीच्याही आधी, हे वडिलांनी सांगायचं. लहानपणापासून म्हणा. सूट कायम, नाव साफ. नाही सांगितलं तर बंदी. तिच्या वयाला बंदी म्हणजे संपलंच.
सुनंदा: "सांगून टाका ना. आत्ता आहेच की तिला."
ते खरं आहे. म्हणूनच...

२८ डिसें.
सकाळी मिनू: "बाबा, मी पाचवीत होते ना, गणपतीत धुपाचा धूर झाला आणि मी गुदमरले. तू मला खांद्यावर टाकून गच्चीवर नेलंस. लाइट गेलेली. खालून कोणीतरी कंदील वर दिला."
तो मी. कल्याणचं घर, खांदा माझ्या वडिलांचा. आमच्या या बिल्डिंगच्या गच्चीला कायम कुलूप. मे महिन्यात हे सांगितलं असेन मी तिला. सांगितलं होतं?
खोटं बोलत नव्हती. डोळे भरलेले होते.
नंतर एकटा बसून आठवून पाहिलं. गच्ची आठवते. कंदील आठवतो. गुदमरणं आठवत नाही. खूप प्रयत्न केला. तिथे काही नाहीच.

९ जाने., शुक्र.
सुनावणी. टेंभी नाक्याजवळ वकिलांचं ऑफिस, भिंतीवर स्क्रीन, स्क्रीनवर समितीची तीन माणसं. मधल्या बाई शांत, सभ्य.
"तुम्ही स्वतः दम्याचे पेशंट. मुलीला पहिला अटॅक आला तेव्हा ओळखला असेल तुम्ही. काय दिसलं?"
तोंड उघडलं. शब्द नाहीत. अटॅक कुठून सुरू होतो, छातीतून की गळ्यातून, तेच कळेना. सगळा जन्म काढला त्याच्याबरोबर. कोणा परक्याचं दुखणं विचारल्यासारखं वाटलं.
शेजारून मिनू बोलायला लागली. हनुवटी, टॉवेल, सगळं. मी थांबतो तिथेच थांबत, मी घसा खाकरतो तसाच खाकरत. वकिलांनी चमकून माझ्याकडे बघितलं. माझे ओठ मिटलेले होते.
बाई म्हणाल्या, "वडिलांना बोलू द्या."
"मॅडम, तिला दमा डिसेंबरात झाला. आधी नव्हता."
 वकिलांनी पेन खाली ठेवलं.
घरी परतल्यावर मिनू जिन्यात, मधल्या मजल्यावर दम खायला थांबली. मी वरच्या पायरीवर उभा. म्हणाली, "पण मला आठवतंय, बाबा. आधीपासूनचं आठवतंय."
सुनंदा बोलत नाही माझ्याशी.

१८ जाने., रवि.
बारवीचा रस्ता, चढाखालची चहाची टपरी. दाट धुकं. काल मिनूने आपण होऊन विचारलं, उद्या स्कूटरवर मागे येतोस? त्या दिवशीच्या जिन्यानंतर पहिलंच बोलणं. आलो.
चहा घेताना वकिलांचा मेसेज आला. निकाल. तिने आपला फोन पालथा करून माझ्यापुढे ठेवला.
"आधी वर जाऊन येते. मग दोघं वाचू."
"मी मागून येतो."
"नको. स्कूटरच्या आवाजात मला माझा श्वास ऐकू येत नाही. एकदा ऐकू दे." हेल्मेटचा पट्टा लावला. "बाबा, निकाल काहीही असू दे. तू बोललास ते बरं केलंस की नाही, मला अजून कळलेलं नाही. वर जाऊन सांगते."
पहिल्या वळणापर्यंत दिसली. चांगली चढत होती.
फोन पालथाच आहे. हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून लिहितोय. टपरीवाल्या मावशींनी न मागता दुसरा चहा दिला. एव्हाना ती खाली यायला हवी होती.
वरून दुधाचा टेम्पो आला. थांबवला. सायकलवर मुलगी दिसली का, लाल हेल्मेट?
"वर कोनीच नाय काका. पन धुकं लय हाय."
फोन परत वाजला. बघितला नाही.
निघतो.