पहिला चहा

टिण्. फळीवरच्या खिळ्याला पितळी बिल्ला लागला की एवढाच आवाज व्हायचा, अण्णा. विमानदुरुस्तीच्या शेडमध्ये पाना उचलला की त्याच्या जागी आपल्या नंबरचा बिल्ला लावायचा, संध्याकाळी पाना ठेवून बिल्ला काढायचा. एक जरी बिल्ला लटकत राहिला, तरी विमान हलायचं नाही. शाळेतल्या कविता ओठांवर घेऊनच मी कामाला लागलो होतो. फळीवर रंगवलेल्या हत्यारांच्या त्या आकृत्या मला यमकांसारख्या वाटायच्या, एक निसटलं की ओळ लंगडी. तुम्हाला ते सांगितलं, तर तुम्ही फोरमनच्या आवाजात म्हणालात, "कवी, तुझं यमक चुकलं तर टाळ्या कमी पडतात. इथं माणसं पडतात."

मग तो दिवस. इंजिनाच्या आत बघायचा माझा छोटा आरसा सापडत नाहीये. दोन तास मी गप्प आहे, एकटाच शोधतोय. शेवटी तुमच्यासमोर येऊन सांगतो. तुम्ही काम थांबवता, सगळी झाकणं पुन्हा उघडायला लावता, माणसं माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघतात. आरसा एका नळीमागे निघतो. आता कानाखाली बसणार म्हणून मी मान खाली घालतो, तर तुम्ही किटलीतला पहिला चहा माझ्या हातात देता. "हा स्वतः येऊन बोलला. आजचा पहिला चहा याचा." आणि हळूच, फक्त मला, "ते दोन तास कुठं गेला होतास रे? पुढच्या वेळी दोन मिनिटांत ये." तेव्हापासून आपल्या शेडची ती रीतच पडली. एकानं थट्टा केली, "अण्णा, पहिल्या चहासाठी मी काय रोज चुका करू?" तुम्ही म्हणालात, "करतोसच की. सांगत नाहीस एवढंच."

आता मी निवृत्त आहे, सातपूरला लेकाकडे राहतो. एका खाजगी दुरुस्ती कंपनीनं मला 'ज्येष्ठ सल्लागार' केलंय. तिथल्या भिंतीवर 'निर्भयपणे बोला' असा मोठा फलक, दारात सूचनापेटी. पेटीला कुलूप, किल्ली मॅनेजरकडे. सुरक्षेची परीक्षा संगणकावर होते आणि सगळे पास होतात. असा संताप येतो, अण्णा! मागच्या आठवड्यात निफाडकडची एक तंत्रज्ञ, दोन लेकरांची आई, स्वतः जाऊन सांगती झाली, की ड्रिलचं टोक पंखात मोडलं आणि तुकडा मिळत नाही. त्यांनी काय करावं? तिलाच विमानावरून काढून स्टोअरला बसवलं आणि चौकशी लावली. समितीत मी. अहवालात लिहिलंय, 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. तुकडा बाहेर पडला असावा.' असावा! मी मॅनेजरला म्हटलं, "अहो, ती स्वतःहून आली होती." तो हसला. "म्हणून तर पुरावा मिळाला ना, काका! करा सही. गुरुवारी विमान द्यायचंय."

घरी येऊन मी सुनेवर चिडलो, पेपरावर चिडलो. पण तुमच्यापासून काय लपवायचं? मी सही केली. खुर्ची चांगली होती, सगळे 'काका, काका' करत होते, आणि गप्प बसायला मला या वेळी दोन तास नाही, दोन मिनिटंही लागली नाहीत.

हे लिहिता लिहिता मधेच बेल वाजली म्हणून उठलो होतो. दारात तीच तंत्रज्ञ उभी, हातात हेल्मेट. माझी सही तिनं बघितली असणार; मला वाटलं, भांडायला आली. म्हणाली, "सर, स्टोअरमधून हळूच जाऊन विमानाखालची जमीन, केराचा डबा, सगळं परत बघितलं मी. तुकडा नाय मिळाला. तो पंखातच हाय. उद्या गुरुवार. कुणी ऐकंना, म्हणून तुमच्याकडं आले."

तिला आत बसवलंय. मॅनेजरला फोन लावायचाय, सही मागे घेतो म्हणून सांगायचंय, अण्णा. त्याआधी चहा ठेवलाय. पहिला कप तिचा.