भिंगरीची पहिली फेरी

४ फेब्रुवारी
पार्कातला भिंगरी पाळणा काढणार! साहेबांनी चहा पिता पिता सांगून टाकलं, मोडकी खुर्ची काढल्यासारखं. म्हणे बनवणारी कंपनी बुडाली, सुटे भाग मिळत नाहीत, आणि लोकांना आता उलटं टांगणारं काहीतरी हवंय. "तरी तुमच्या मामांना विचारतो. तेच मेकॅनिक."
विचारा की!

५ फेब्रुवारी
झोप नाही. भिंगरीचे डबे मामाने जोडले, मला तिच्या बटणांपाशी त्यानेच बसवलं. ती गेली की मी कुठे जाऊ? दुसरं काय येतंय मला?

७ फेब्रुवारी
मामा साहेबांना ठणकावून म्हणाला, "अजून दहा वर्षं तिला मरण नाही!" शाब्बास रे मामा! साहेब मान हलवत गेले.

१० फेब्रुवारी
आमच्याकडे रीत आहे — गेट उघडायच्या आधीची पहिली फेरी, ज्याने नटबोल्ट आवळले त्यानेच बसून करायची. मामा रोज लाल डब्यात बसतो, फिरता फिरता मला हात करतो. आज डब्यांत नुसती वाळूची पोती ठेवली. "गुडघा धरलाय गं." वय झालं, दुसरं काय. मालिशचं तेल नेऊन दिलं.

११ फेब्रुवारी
पोतीच.

१४ फेब्रुवारी
आजही पोती. आणि दुपारी हाच गुडघेवाला दिवा बदलायला शिडीवर सरसर चढला! शिडी मीच धरली होती. मग लाल डब्यात बसायला काय झालं? नंतर प्रत्येक फेरीला बटणावर हात अडखळत होता. मुलं किंचाळत होती, रोजच्यासारखीच — पण मला ते ऐकवेना.

१५ फेब्रुवारी
रात्रभर तळमळले. आज पार्क बंद होता, तडक मामाच्या घरी गेले. "तुझाच भरवसा उडालाय ना तिच्यावरचा?"
आधी उगाच चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, "मुख्य दांड्याचा आवाज बदललाय. बंद करा म्हटलं तर तुला घरी बसवतील गं."
इतका राग आला की रडूच फुटलं. माझ्यासाठी! आणि त्या रांगेतल्या पोरांचं काय? त्यांना कोणी मामा नाही?
त्याच्यावर ओरडले. जन्मात पहिल्यांदा.

१६ फेब्रुवारी
गेट उघडायच्या आधी साहेबांना मीच सांगितलं, मामाच्या देखत, की भिंगरी बंद करा. तिच्या वाटेवर साखळीही मीच लावली.
मामा साखळी ओलांडून आत गेला, थांबलेल्या भिंगरीच्या लाल डब्यात बसला आणि मला हात केला.