शाल नको, नोटीस पाठवा

इंदिरानगर, नाशिक
सोमवार सकाळ

तीर्थस्वरूप पुंजाराममामा यांच्या चरणी भाची हर्षालीचा साष्टांग नमस्कार (मांडीवर लॅपटॉप, त्यावर हा कागद, त्यामुळे तूर्त बसूनच).

तुमचा गुडघा काय म्हणतो? मैनामामींची शुगर उतरली का? आम्ही इकडे मजेत आहोत. हातात मोबाइल असताना ही बया कागद का खरडतेय, असं तुम्हाला वाटणार. तर मामा, फोनवर तुम्ही "बोल पोरी" म्हणता आणि मी जे बोलायचं ते सोडून पाऊसपाण्यावर घसरते. म्हणून पत्र. आपल्या गावचे दिनेशकाका दुपारच्या कळवण गाडीने परत निघालेत, त्यांच्या हाती देते आहे (पाकीट गच्च चिकटवलंय, कारण काकांना वाचनाची फार आवड).

नोकरी का सोडली हे तुम्ही तीनदा विचारलंत आणि तीनदा मी "सांगते नंतर" म्हणाले, ते आता ऐका. नऊ वर्षं मी त्या पेपरात दर रविवारी मतं मांडली. मतं माझीच, पण छापून यायची ती आंघोळ घालून, पावडर लावून. मी "खड्डे" लिहिलं की "रस्त्याची असमान पातळी" छापून यायचं. "लबाडी" लिहिलं की "संवादाचा अभाव". शेवटी संपादकसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून, चहा पाजून, अगदी मायेने सांगितलं, की मॅडम, थोडे दिवस कबुतरांवर लिहा. कबुतरांवर! मी लिहिलंही हो दोन रविवार. दुसऱ्या लेखात कबुतरं एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर बसतात एवढंच लिहिलं होतं, तर तेही वाक्य गायब. तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं. राजीनामा लिहून टेबलावर ठेवला, तर साहेबांनी हाताला सवय असल्याने त्यातल्याही दोन ओळींवर काट मारली आणि मगच सही केली.

मग सुरू झालं ‘तोंडावर’. वेबसाइटवर माझे लेख आणि यूट्यूबवर माझी बडबड (नाव ऐकून आई म्हणाली, क्रीम विकणार आहेस का). ऑफिस म्हणजे इंदिरानगरातल्या दोन खोल्या, शेजारी सुवर्णाताईंचं ब्यूटी पार्लर. मी तावातावाने लोकशाहीवर बोलायला लागले की पलीकडे हेअर ड्रायर सुरू होतो, त्यामुळे आमच्या बहुतेक व्हिडिओत लोकशाहीवर वादळ घोंघावतंय असं वाटतं. लोकांना ते फार परिणामकारक वाटतं. आमचा स्टाफ दोन माणसांचा: मी, आणि कॅमेरा, एडिटिंग, वायरिंग वगैरे सगळं बघणारा मनोज. उद्घाटनाला तुम्ही फीत कापलीत तेव्हा तो मागच्या गल्लीत इन्व्हर्टरशी झोंबत होता, म्हणून तुमची गाठ पडली नाही. पण तुम्ही माइक हातात घेऊन म्हणालात, "आमची पोर लय भांडकुदळ हाय, पन खोटं नाय बोलत," ते त्याने बाहेरून ऐकलं. मला तर रडूच आलं होतं, मामा. लहानपणी तुम्ही मला मळ्यात बसवून पेपर मोठ्याने वाचायला लावायचात आणि अग्रलेख संपला की विचारायचात, "तुला काय वाटतं?" मला काय वाटतं हे विचारणारे जगात पहिले तुम्हीच.

आता खरं दुखणं सांगते. स्वतंत्र पत्रकार म्हटलं की धमकी येते, गेला बाजार एखादी वकिलाची नोटीस तरी येते, असं मी ऐकून होते. नोटीस आली तर फ्रेम करून भिंतीवर लावायची म्हणून खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. पण आपलं नाशिक! इथे टीका करणाऱ्याला कोणी दम देत नाही, त्याचा सत्कार करतात. आमच्या भागात महेशभाऊ नावाचे एक भावी नगरसेवक आहेत (गेली बारा वर्षं भावीच आहेत). त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सने चौकातला सिग्नल झाकला, म्हणून मी त्यांची सालटी काढणारा व्हिडिओ टाकला. चौथ्या दिवशी भाऊ ढोलताशा घेऊन दारात! शाल, श्रीफळ, गुच्छ, "ताई, तुमच्यासारख्या निर्भीड लेखण्यांची समाजाला गरज आहे." मी "अहो, पण सिग्नल..." म्हणेपर्यंत खांद्यावर शाल पडली होती. दुसऱ्या दिवशी चौकात नवा फ्लेक्स लागला, त्यावर माझा फोटो आणि "हर्षालीताईंचे हार्दिक अभिनंदन". सिग्नल अजून दिसत नाही, फक्त आता त्याच्यासमोर मी उभी आहे. चार महिन्यांत असे अकरा सत्कार झाले. आईने शालींचे उशांचे अभ्रे शिवले, उरलेली मिक्सरवर घातली, आणि नारळ संपेनात म्हणून घरात रोज ओल्या खोबऱ्याची चटणी.

मग एका प्रेक्षकाने व्हिडिओखाली लिहिलं, "ताई, ज्याला झोडता त्याच्याच हातची शाल घेता. आपल्या माणसावर बोलून दाखवा, मग मानू." मामा, हे झोंबलं. इतकं झोंबलं की मी त्याच रागात कॅमेऱ्यासमोर जाहीर केलं: आजपासून सत्कार बंद. तुमच्या गावातली लोकांसाठी बांधलेली पण भलत्याच कामाला लागलेली जी इमारत असेल तिचा फोटो पाठवा. ज्या फोटोला सगळ्यात जास्त मतं मिळतील त्यावर पहिला मोठा लेख करणार, मग ती इमारत माझ्या सख्ख्या नातेवाइकाच्या ताब्यात का असेना! (मनोज कॅमेऱ्यामागून "नको, नको" अशा खुणा करत होता. मला वाटलं, फोकस बिघडलाय.)

फोटो आले दोनशेच्या वर. व्यायामशाळेत शेळ्या, एसटीच्या थांब्यात सलून, समाजमंदिरात कुणाचा तरी ट्रॅक्टर. पण एक फोटो सगळ्यांच्या पुढे गेला. खिडकीतून काढलेला. आत खालपासून वरपर्यंत कांदाच कांदा, आणि ढिगातून अर्धी पाटी डोकावतेय: "कृपया शांतता राखा". लोक हसून हसून बेजार. मी मात्र फोटो मोठा करून बघितला, तर ती खिडकी माझ्या ओळखीची निघाली. हा लेख केला तर माझं एक अगदी जवळचं माणूस कायमचं तुटेल. नाही केला तर ‘तोंडावर’ला कुलूप लावून मी पुन्हा कबुतरांकडे जाणार. दोन दिवस मला जेवण गेलं नाही (चटणीसुद्धा). मनोजला विचारलं तर तो म्हणाला, "मी सांगणार नाही, मत तुझं आहे." इतका राग आला त्याचा! पण बरोबर होतं त्याचं. शेवटी ठरवलं. लेख शुक्रवारी येतोय.

मामींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा. आशीर्वाद असू द्या, या आठवड्यात जरा जास्तच लागणार आहेत.

तुमचीच,
हर्षाली

ता. क. १ – खिडकी आपल्या गावच्या वाचनालयाची आहे, मामा. तुम्ही सरपंच आहात आणि कांदा तुमचा आहे. तालुक्याला खेटे घालून ते वाचनालय तुम्हीच आणलंत, हेही मी लिहिलंय, अगदी पहिल्या परिच्छेदात. पण दुसऱ्या परिच्छेदात कांदा आहे.

ता. क. २ – तुमची बाजू हवी. गुरुवारी सकाळी दहाला कॅमेरा येईल. तुम्ही जे बोलाल त्यातला एक शब्दही मी कापणार नाही. मला शिव्या दिल्यात तर त्याही दाखवीन. मी स्वतः येत नाही, कारण तुमच्यासमोर मला प्रश्न विचारता येणार नाहीत.

ता. क. ३ – जो मुलगा कॅमेरा घेऊन येईल तो मनोज. त्याला जरा नीट बघून घ्या. घरदार, शिक्षण, बोलणं-चालणं, जे काय विचारायचं ते विचारा. मला तो पसंत आहे, आई-बाबांनाही आहे, पण आई म्हणते, माझ्या भावाने हो म्हटल्याशिवाय सुपारी फुटणार नाही. हे त्याला ठाऊक आहे, त्यामुळे बिचारा आत्तापासून घामाघूम झालाय. कांद्याचा राग त्याच्यावर काढू नका. मात्र मी त्याला सात प्रश्न लिहून दिलेत. तुमच्या होकाराच्या आशेने त्यातला एक जरी त्याने गाळला, तर तुम्ही हो म्हणालात तरी माझा नकार कळवा.