दोरावरचा डबा

३ नोव्हेंबर
आले एकदाची बोटीवर. आरमाराची ही वाफेवर चालणारी टगबोट इतकी ठेंगणी, की मोठ्या जहाजांशेजारी पाटाजवळच्या मांजरासारखी दिसते. पण सुरुंगाने फुटलेली ती मोठी जहाजं दोराने ओढून बंदरात आणते ती हीच. लढाईमुळे पुरुष मिळेनात, म्हणून स्वयंपाकाला मी. खोली चुलीपुरतीच, वळायचं तर आधी पातेलं हलवावं लागतं. इंजिनवाले म्हणाले, वहिनी, इथे जाड माणसाची बढती होत नाही. मी फार दिवसांनी हसले.

माझे यजमान लढाऊ जहाजावर बॉयलरला कोळसा घालायचे. उन्हाळ्यात जहाजासकट गेले. कप्तानांना ते ठाऊक आहे. त्यांनीच बोलावून काम दिलं, पण बोलताना चुलीकडे बघतात.

६ नोव्हेंबर
इथली एक रीत आवडली. फुटलेल्या जहाजावरची चूल विझलेली असते, म्हणून ओढत असताना त्यांचं जेवण आपण करायचं. दोराला कप्पी अडकवून डबा सोडायचा. तिकडचे ओढून घेतात, जेवून परत पाठवतात. मागे जहाज बांधलं की डबा गेलाच पाहिजे, कुणाला विचारायचं नाही.

दोराच्या आकड्याजवळ कुऱ्हाड टांगलेली आहे. मागचं जहाज बुडू लागलं तर दोर तोडायचा, नाहीतर ते आपल्यालाही घेऊन जाईल.

११ नोव्हेंबर
दाट धुकं. मागे जहाज होतं, पण दिसत नव्हतं. बटाट्याचा रस्सा आणि पाव भरून डबा सोडला. तिकडून झटक्यात ओढला गेला. परत आला तो रिकामा, घासलेला. झाकणावर कांद्याच्या फोडी ओळीने लावलेल्या.

हे कांदा खात नसत. असाच वेचून झाकणावर लावायचे आणि मी चिडायची.

इंजिनवाल्यांना सांगितलं, तर त्यांच्या हातातलं फडकं गळून पडलं. म्हणाले, "वहिनी, जळालेला सांगाडा आहे तो. वर कुणीसुद्धा नाही."

१३ नोव्हेंबर
सांगाडा कालच धक्क्याला लावला. आज रिकामेच बाहेर पडलो. तरी दोर मागे सुटलेला, ताठ, धुक्यात शिरलेला. खलाशी शपथेवर सांगतो, त्याने तो गुंडाळून ठेवला होता.

मी डबा भरला. कुणी अडवलं नाही.

रिकामा आला. जेवले म्हणजे. दिवसभर मनात एवढंच, जेवले.

१४ नोव्हेंबर
इंजिनवाल्यांनी सांगून टाकलं. उन्हाळ्यात यांचं जहाज ओढत होती ती हीच बोट. ते बुडू लागलं. खाली अडकलेले पत्र्यावर ठोकत होते, इथपर्यंत ऐकू येत होतं. कप्तानांनी दोर तोडायला लावला.

मला तारेत 'तत्काळ मृत्यू' असं आलं होतं. शाळेत न जाता जोडाक्षरं शिकले, ती हे वाचायला.

बटाटे सोलायला घेतले.

१५ नोव्हेंबर
इंजिन पुढे, पूर्ण जोरात — आणि बोट मागे जातेय. किनारा दिसेनासा झाला. खलाशाने कुऱ्हाड घातली, दोराला ओरखडाही नाही. कप्तानांनी हात जोडले. म्हणाले, "जेवू तुम्ही घातलंत. आता तुमच्याच हाताने तुटेल. माझी माणसं वाचवा, वहिनी."

तोडला तर हे दुसऱ्यांदा —

दुपारी
कुऱ्हाड माझ्याजवळ. मागच्या काठावर पाणी चढतंय. म्हटलं, तोडते, पण आधी एकदा जेवण पाठवू द्या.

डबा आला. भरलेलाच. हातसुद्धा लावलेला नाही.

जेवायचं नाही, मग —

डबा मांडीवर आहे आणि दोर अजून हलतोय. हातापुढे हात टाकत कुणीतरी येतंय. कप्तान ओरडतायत.

नाही तोडणार. कुऱ्हाड पाण्यात टाकली.

हात दिसला. यांचाच, करंगळीवर भाजल्याचा डाग. धरला. गार आहे. वर ओढतेय, जड लागतंय — यांचा पाय कुणीतरी धरलाय. त्याचा आणखी कुणी. पाण्यापर्यंत सगळे — आणि सगळे मिळून खाली —