गॅरेज: घरात की बाहेर?

९ जानेवारी २००५, रविवार

टाय बांधून खोटं बोलणाऱ्या माणसाचा मला जास्त राग येतो. "ड्रायर कुठेही ठेवा सर, गॅरेज, शेड, एनिव्हेअर!" मी विचारलं, किती अंशापर्यंत चालतं? हसला. हसला! म्हणतो, "लेस्टर आहे सर, सायबेरिया नाही." मी खिशातून कागद काढला. आठ दिवसांच्या नोंदी, रोज दोन वेळा. आमचं गॅरेज सकाळी सहाला दोन अंश, दुपारी दोनला पाच. हवेतला दमटपणा शेकडा शहाऐंशी. त्याने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

नीना तेवढा वेळ दाराशी उभी. बाहेर आल्यावर म्हणाली, "अहो, स्थळ बघायला आल्यासारखे प्रश्न काय विचारता!"

विचारणार! अक्षया सहा फेब्रुवारीला येतेय. लेकीचं पहिलं बाळंतपण, बर्मिंगहॅमहून इथे माहेरी. हातात चार आठवडे. इतकी वर्षं हिवाळ्यात मी आठवड्याचे कपडे लॉन्ड्रेटमध्ये नेऊन वाळवत आलो. तान्ह्याचे कपडे दिवसातून चार वेळा कोण नेणार? स्वयंपाकघरात वीतभर जागा नाही. म्हणजे ड्रायर गॅरेजमध्येच, आणि गॅरेजला हीटर नाही.

घरात ओला कपडा वाळत घालायचा नाही. रेडिएटरवर नाही, खुर्चीवर नाही, जिन्याच्या कठड्यावर तर नाहीच. अक्षया लहानपणी याला 'बाबा-लॉ' म्हणायची. कारण तिला माहीत नाही. नीनाला आहे.

११ जानेवारी, मंगळवार

सकाळी सहा: दीड अंश. थर्मामीटर विटांच्या भिंतीवर होता तो काढून मधल्या खांबाला टांगला. भिंतीचं तापमान काय कामाचं? मशीन हवा ओढणार आहे, भिंत नाही.

१३ जानेवारी, गुरुवार

जावईबापूंचा फोन. कुश इथेच जन्मला, मराठी बोलतो याचं कौतुक आहे, पण बोलतो काय!

"बाबा, माझी सल्ला ऐका. कंडेन्सर घ्या. भिंतीला भोक नाही, पाइप नाही. आमचा एकदम मस्त चालते."

मस्त चालणारच, तो त्यांच्या बावीस अंशांच्या फ्लॅटमध्ये आहे! मी समजावलं. ड्रायर दोन जातींचे. एक गरम ओली हवा पाइपातून भिंतीबाहेर फेकतो. दुसरा, हा कंडेन्सर, तीच हवा पोटातल्या पोटात थंड करून पाणी टाकीत जमवतो. उबेत सभ्य! दोन अंशांत त्याच्या पत्र्याला आतून घाम फुटणार, तो सर्किटवर ठिबकणार, पंपात राहिलेलं पाणी गोठणार.

"पण थिअरीमध्ये थंड हवा कंडेन्सिंगला चांगलीच ना?"

थिअरीमध्ये! त्याच्याकडे युनिव्हर्सिटीची डिग्री. माझ्याकडे इचलकरंजीची नापास मॅट्रिक, इथल्या लायब्ररीचं कार्ड, आणि हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतले ड्रायर — एकेकात साठ किलो चादरी. बावीस वर्षं ते माझ्या हाताखाली चालताहेत. एकही पुस्तक मला कोणी शिकवलं नाही. डिक्शनरी शेजारी ठेवून वाचली.

म्हणालो, "डिग्रीने टॉवेल वाळत नाहीत."

फोन अक्षयाने घेतला. "बाबा! इट्स अ ड्रायर! तो मदत करतोय!" आणि ठेवून दिला.

नीना म्हणाली, "जावयाशी असं बोलतात?"

खरं बोललो. आवाज थोडा चढला, तेवढं कबूल.

१५ जानेवारी, शनिवार

सापडलं! पुन्हा त्याच दुकानात गेलो. कंडेन्सरचं माहितीपुस्तक मागितलं आणि तिथेच उभं राहून वाचलं, पहिल्या पानापासून. पस्तिसाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात: पाच अंशांच्या खाली वापरू नये. टायवाल्याला मोठ्याने वाचून दाखवलं. दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती.

"नोबडी रीड्स दॅट, सर."

आय डू!

पाइपवाला ड्रायर सांगून आलो. टायमरला साधं फिरवायचं बटण. हिरवे आकडे, कपडे ओळखणारा मेंदू वगैरे काही नको. थंडीत आधी तोच बिघडतो. पुढच्या शनिवारी घरी येईल.

कुशला फोन करून पान क्रमांक सांगितला. "ओके बाबा," म्हणाला. एवढंच.

१६ जानेवारी, रविवार

नीनाने जुन्या सुती साड्या काढल्या आहेत, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. चोवीस लंगोट शिवून तयार, दुपटी चालू आहेत. अक्षया फोनवर, "आई, पॅम्पर्स आहेत ना!" नीना म्हणाली, "बाहेर जाताना घाल तुझे पॅम्पर्स. माझ्या घरात लंगोट." या एका बाबतीत आमचं दोघांचं एकमत. सुई तिची, वाळवण माझं.

२२ जानेवारी, शनिवार

मशीन आलं. डाव्या कोपऱ्याला पोचा आहे, पण आतलं सगळं सरळ. परत पाठवण्याइतका वेळ नाही. आणणाऱ्या दोघांना मात्र दारात उभं करून पोचा दाखवला.

लॉन्ड्रीतला नंदू मोठं ड्रिल घेऊन आला. भिंतीला चार इंचांचं भोक पाडलं, बाहेरच्या बाजूला अर्धा इंच उतार देऊन. थंडीत पाइपातच पाणी जमतं, ते बाहेर गेलं पाहिजे, मशीनमध्ये परत नाही. तीनदा मोजलं. नंदू म्हणतो, "बास की आता! या भोकातून काय सॅटेलाइट सोडणारेस?"

हसू दे. त्याच्या घरी छताला बुरशी आहे. मी बघितली आहे.

२३ जानेवारी, रविवार

चाचणी. बारा लंगोट. कोरडे सहाशे वीस ग्रॅम. धुऊन, पिळून एक हजार पन्नास. गॅरेज तीन अंश. पन्नास मिनिटांनी बाहेर काढले: सहाशे बावीस! दोन ग्रॅम! गालाला लावून बघितले. दुकानात, फोनवर, सगळीकडे मला वेड्यात काढलं होतं. या, मोजा आता!

मग नियम लिहून मशीनच्या दारावर चिकटवले. एक, दर वेळी जाळीतला कापूस काढायचा. दोन, मशीन चालू असताना मी घरात हवा, कारण तो कापूस पेट घेऊ शकतो. तीन, म्हणून मशीन मी कामावरून आल्यावर, संध्याकाळी साडेपाचनंतर. बटण मीच फिरवणार.

नीनाने चष्मा लावून वाचलं. "हे नाही चालायचं."

"का?"

"दिवेलागणीनंतर बाळाचे कपडे बाहेर ठेवत नाहीत."

"बाहेर कुठे? गॅरेजमध्ये!"

"गॅरेज बाहेरच. चप्पल घालून जावं लागतं."

"चार भिंती आहेत, छप्पर आहे, कुलूप आहे!"

"चप्पल घालून जावं लागतं ना? मग ते बाहेर. मी दुपारी चालवीन. चारच्या आत सगळं घरात."

इथे साडेचारला दिवस मावळतो. त्या वेळी मी कामावर! तीन आठवडे तिच्यासमोर मोजमापं केली, त्यात एकदाही बोलली नाही. मी ओरडलो. काय काय बोललो, सगळं लिहीत नाही. अडाणी म्हणालो, तेवढं लिहितो. नापास मॅट्रिकने बी.ए. झालेल्या बायकोला अडाणी म्हटलं.

ती घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "एकदा राहिले होते. पुन्हा नाही राहणार."



२४ जानेवारी, सोमवार

बोलणं बंद. चहा ठेवते. मी पितो. गॅरेज चार अंश.

२६ जानेवारी, बुधवार

या वहीत हे कधी लिहिलं नाही. लिहितो.

अक्षयाच्या आधी आम्हाला एक मुलगा होता. सुयश. डिसेंबर एकोणऐंशीत — नाही, अठ्ठ्याहत्तरात. तारखा तरी नीट लिही! डिसेंबर अठ्ठ्याहत्तरात जन्मला. इथे लेस्टरमधलीच भाड्याची मागची खोली, एक खिडकी, एक रॉकेलचा हीटर. खोलीभर दोरी बांधलेली, तिच्यावर लंगोट. हीटर पेटवला की भिंतींवरून पाणी ओघळायचं. गादी ओली, उशी ओली. पाचव्या आठवड्यात त्याची छाती भरली. तीस जानेवारीला गेला. न्यूमोनिया, असं डॉक्टर म्हणाले.

मार्चमध्ये लायब्ररीचं कार्ड काढलं. पहिलं पुस्तक कशावर होतं? कापड वाळवण्यावर. रॉकेल जळताना पाण्याची वाफ सोडतं, हे मला तिसऱ्या प्रकरणात कळलं. लिटरमागे जवळजवळ लिटरभर पाणी! मी ऊब म्हणून बाळाच्या उशाशी पाणी पेटवून ठेवत होतो. हे मला दोन महिने आधी सांगणारा कोणी नव्हता! घरमालक नाही, नर्स नाही, कोणी नाही!

नीना कपडे 'राहिले होते' म्हणते, ते त्याच महिन्यातलं. मला वाटायचं, ती विसरली असेल.

३० जानेवारी, रविवार

आज सव्वीस वर्षं. आम्ही दोघं या दिवशी काही करत नाही. ती देवाजवळ थोडी जास्त वेळ बसते.

दुपारी दुपट्यांच्या घड्या घालताना आपण होऊन बोलली. माझ्याकडे न बघता.

"अडाणी तर अडाणी. पण त्या संध्याकाळी तीन लंगोट आणि पिवळं झबलं माझ्याकडून अंगणात दोरीवर राहिलं. सकाळी पाहिलं तर गोठून लाकडासारखं कडक. तिसऱ्या दिवशी त्याला ताप आला. मला अजून कळत नाही, मी विसरले कशी. सगळं आणल्याचं मला आठवतंय हो. मोजून आणलं होतं."

मी म्हणालो, "तू थांब जरा." आणि गॅरेजमध्ये आलो. इथे मशीनवर वही ठेवून लिहितोय. बोटं वाकत नाहीत.

तिने मोजून आणले होते. बरोबर आणले होते! ती तीनलाच आत घेऊन आली. मी सहाला कामावरून आलो. खोलीत धुकं, भिंती गळताहेत, तोंडावर ओला लंगोट आला. चिडलो. दोरीवरचे हाताला लागले ते चार कपडे ओढले आणि अंगणातल्या दोरीवर नेऊन टाकले. नीना बाळाला घेऊन झोपली होती. सकाळी खिडकीशी उभी राहून म्हणाली, "अगंबाई, हे राहिलेच!" मी दाढी करत होतो. ऐकलं. बोललो नाही. एवढ्या-तेवढ्या गोष्टीत काय बोलायचं, असं वाटलं. कपडा थंडीत राहिला म्हणून काय होतं? काही होत नाही! आजही माझं तेच म्हणणं आहे.

पण तिला वाटत होतं. सव्वीस वर्षं. आणि मी सव्वीस वर्षं प्रत्येकाच्या कागदावरची चूक काढत हिंडलो.

२ फेब्रुवारी, बुधवार

कामावर नंदूवर ओरडलो. एक झडप अर्धी उघडी होती म्हणून. बघितलं तर ती मीच उघडी ठेवली होती. नंदू म्हणाला, "घरी काही झालंय का रे?" नाही म्हणालो.

तीन दिवसांत चार वेळा सांगायला गेलो. एकदा जिन्यापर्यंत. काय सांगणार? 'मी सांगायचं विसरलो'? विसरलो नव्हतो!

दारावरचा नियमांचा कागद काढून टाकला. निघेना. नखाने खरवडून काढला.

५ फेब्रुवारी, शनिवार

उद्या अक्षया. दुपारी जेवणानंतर नीनाला सांगितलं. सगळं, क्रमाने. तिने एकच विचारलं, "पिवळं झबलंसुद्धा तुम्हीच?" हो म्हणालो. वर निघून गेली. दार लावून घेतलं.

पाच वाजून चाळीस. बाहेर पूर्ण काळोख. गॅरेज तीन अंश. ती खाली आली, ओल्या लंगोटांची बादली उचलली, माझ्याकडे न बघता मागच्या दाराने गेली. बटण तिनेच फिरवलं. मशीनचा आवाज इथपर्यंत येतोय.

तिची चप्पल दाराशीच आहे.