बटणावर मेहुणा

रविवार, १ मार्च

आज पुन्हा! सोळा वेळा मोठा ब्लाइंड माझ्यावर आला. त्यातल्या अकरा वेळा लांब्याने लाटला. लांब्या म्हणजे हिचा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करतो. सख्खा मेहुणा आणि पोकरच्या टेबलावर माझ्याच खिशात हात!

घरी आल्यावर हिने विचारलं, तोंड एवढं का पाडलंय? समजावून सांगितलं. पत्ते बघायच्या आधीच दोघांना सक्तीने पैसे टाकावे लागतात – छोटा ब्लाइंड एक चिप, मोठा दोन. सगळ्यात शेवटी बोलायची पाळी ज्याची, तो बटणावर. बटणावरचा माणूस जोरात रक्कम वाढवतो, बाकीचे घाबरून पत्ते टाकतात आणि तो त्या तीन चिप्स फुकटात घेऊन जातो. याला म्हणतात ब्लाइंड चोरणं. ही म्हणाली, तीनच ना? आणि भाजी चिरत बसली.

तीनच! तेच तर कळत नाही. टूर्नामेंट असती तर समजू शकतो, तिथे ब्लाइंड वाढत जातात. आमचा कॅश गेम. दोन म्हणजे दोनच, सकाळी काय आणि संध्याकाळी काय. तीन चिप्ससाठी आठ-आठ पणाला लावतो हा माणूस. ज्याला चिल्लर चोरायची एवढी हौस, त्याचा डोळा दुसऱ्याच कशावर तरी असणार.

बुधवार, ४ मार्च

घड्याळाच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या सहा रविवारांचा हिशोब मांडला. मी सगळं टिपून ठेवतो, सवय आहे.

लांब्या बटणावर आणि मोठा ब्लाइंड माझा, असे एकोणऐंशी डाव. त्याने वाढवलं ते बावन्न वेळा. बावन्नच्या बावन्न वेळा माझ्याकडे कचरा! आणि ज्या वेळी माझ्याकडे राजा-राणी, एक्का, जोडी – त्या वेळी साहेब मुकाट पत्ते टाकून पाणी प्यायला उठतात.

हा योगायोग नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि दोन वर्षांपूर्वी आपणहून म्हणाला होता, “भाऊजी, मलाही न्या की.” तेव्हा बरं वाटलं होतं मला.

शुक्रवार, ६ मार्च

छापखान्यातून पत्त्यांचा जोड खिशात घालून आणलाय. (खेळ छापखान्याच्या मागच्या खोलीत असतो, कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये. मालक स्वतः पत्ते वाटतो.) भिंग लावून बावन्नही पत्ते तपासले, दोन्ही बाजूंनी. चौकट एक्क्याच्या पाठीवर ओरखडा सापडला!

नंतर लक्षात आलं, माझ्याच चिमट्याचा होता. आत्ताच पडलेला.

रविवार, ८ मार्च

नवा, सीलबंद जोड मी विकत नेला. माझे पत्ते दिसायला नकोत म्हणून पाठीमागच्या कपाटाच्या काचेला वर्तमानपत्र चिकटवलं. मालक म्हणाला, काच पुसायचीय का? म्हटलं, ऊन येतं. खिडकी उत्तरेला आहे.

तरी बारा वेळा चोरला!!

चहाच्या वेळी विषय काढला, नाव न घेता – कॅश गेममध्ये ब्लाइंड चोरणं परवडतं का? दाताचे डॉक्टर माझ्या उजव्या हाताला बसतात, मोठा सज्जन माणूस. म्हणाले, छे, तीन चिप्ससाठी कोण एवढा घाम गाळतो? चांगले पत्ते यायची वाट बघावी. आणि तुम्ही डावात राहत जा हो, टेबलावर सगळ्यांसाठी उघडतात ते पुढचे तीन पत्ते तरी बघून घ्यावेत माणसाने. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, परवडतं की. तीन पत्ते उघडले की मालक खोलीभाड्याची चिप काढतो, त्याआधी डाव संपला तर तीही वाचते. शिवाय चोरी परवडते की नाही हे चोरावर नसतं, घरमालक किती गाफील आहे त्यावर असतं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. यांची आणि लांब्याची मिलीभगत तर नाही? बाई खोकतात फार.

लांब्या चहात बिस्किट बुडवून खात होता. चोराच्या मनात चांदणं.

रविवार, १५ मार्च

बोललो. सगळ्यांसमोर बोललो.

पाचव्यांदा त्याने आठ चिप्स पुढे सरकवल्या आणि माझं डोकं फिरलं. हिशोबाची वही काढली, बावन्नचा आकडा वाचून दाखवला. म्हणालो, तू लबाड आहेस, बहिणीच्या घरात जेवतोस आणि तिच्याच नवऱ्याला लुटतोस. एवढं म्हणायचं नव्हतं. तोंडातून गेलं.

तो लाल झाला. म्हणाला, “पत्त्यांना मी हातही लावत नाही, भाऊजी. पण तुम्हाला तसं वाटत असेल तर मी उठतो.” दारात थांबून एवढंच म्हणाला, “दोन चिप्सच्या मागे धावू नका.” वर उपदेश!

डॉक्टरांनी पाठ थोपटली. बरं केलंत म्हणाले.

मंगळवार, १७ मार्च

ही बोलत नाही. भाऊ आता आपला जिना चढत नाही म्हणाली, एवढंच.

रविवार, २२ मार्च

चोर गेला. आज कोणीच माझा ब्लाइंड चोरला नाही. डॉक्टर छोट्या ब्लाइंडवरून रक्कम न वाढवता एकच चिप टाकून निमूट बरोबरी करायचे, मला फुकटात पुढचे पत्ते बघायला मिळायचे. राजासारखा बसलो होतो.

आणि सगळं घालवून आलो! सत्ती-दुरीवर. सत्तीची जोडी लागली म्हणून शेवटपर्यंत चिकटून राहिलो. ही माझी जुनी खोड – दोन चिप्स मध्ये पडल्या की त्या मला माझ्याच वाटतात, सोडवत नाहीत. लांब्या आठ करायचा तेव्हा शिव्या देत पत्ते टाकायचो. आज टाकायला कोणी लावलंच नाही. तीनदा असंच झालं, तिन्ही वेळा डॉक्टर.

दोन वर्षांत एवढा हरलो नव्हतो. त्याआधी एकदाच – दुकानातलं सुटे भाग कातायचं छोटं लेथ मशीन विकावं लागलं होतं तेव्हा. हिला सांगितलंय, मशीन जुनं झालं होतं.

गुरुवार, २६ मार्च

ही डबा घेऊन दुकानात आली होती. अजून अबोला. एक म्हातारे गृहस्थ बंद पडलेलं मनगटी घड्याळ घेऊन आले. मी नुसतं उचलून बघितलं, तोंड उघडायच्या आत ही त्यांना म्हणाली, बसा, होईल दुरुस्त.

ते गेल्यावर विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, “तुमचा डावा डोळा मिटला ना. माल चांगला असला की मिटतो. भंगार असेल तर दोन्ही उघडे.”

तीस वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावतोय. बघण्यासारखं काही आलं की डावा मिटतो, भिंग असो नसो. मला पत्ताच नाही!

घरी आरशासमोर पत्ते उचलले. राजा-राणी – मिटला. सत्ती-दुरी – उघडा. दहा वेळा करून बघितलं.

म्हणजे लबाडी नव्हती. पण लांब्याने बघितलं होतं आणि सांगितलं नाही! घरचा माणूस ना? मग का नाही सांगितलं?

रविवार, २९ मार्च

डावा डोळा आल्याचं सांगून पट्टी बांधून गेलो. डॉक्टर चहा विसरले. पत्ते वाटले की माझ्याकडे बघायचे, पट्टीकडे बघायचे, आणि दर वेळी पत्ते टाकून द्यायचे. तासाभरात घड्याळात बघून म्हणाले, क्लिनिकमध्ये काम आहे. रविवारी?

जिना उतरताना भूगोलाच्या बाईंना गाठलं. सरळ विचारलं, तुम्हालाही माहीत होतं?

त्या म्हणाल्या, “सगळ्यांना. फक्त तुमचा मेहुणा आधी वाढवायचा. स्वतः तीन चिप्स उचलायचा, पण मग डॉक्टरांना तुमच्या तीस मिळायच्या नाहीत. आम्हीसुद्धा गप्पच बसलो, खोटं कशाला बोलू?”

चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी. स्वतःच्या तोंडाने, चार माणसांत!

सोमवार, ३० मार्च

सकाळी हिला म्हणालो, लांब्याची माफी मागायला जातो. पोकरची एवढी आवड त्याला, माझ्यामुळे सुटली.

ही म्हणाली, “त्याला कुठली आवड! पत्त्यांचा कंटाळा आहे त्याला. मीच बसवलं होतं तुमच्या टेबलावर, तुम्हाला काही सांगायचं नाही असं बजावून. तुम्ही लेथ मशीन विकून आलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

ती माझ्या डाव्या डोळ्याकडे बघत होती.